रात्री १

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमची बाजारपेठ बंद असते. मेडिकल मात्र अर्धं शटर वर ठेवून चालू ठेवावं लागतं. नेमका सणाच्याच दिवशी कोणाच्या तरी लेकराला ताप भरतो, आणि खापरावरची पुरणपोळी न् आमरस झाला की निम्म्या गल्लीला ॲसिडिटीची गोळी लागते. गेल्या वर्षीच्या आखाजीला दुपारी तीनच्या सुमारास मी दुकानात एकटी होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. माहेरी आलेल्या लेकींचे झोके मागच्या गल्लीत बांधलेले, तिथून गाण्यांचा आवाज येत होता. समोर निंबाखाली पत्त्यांचे डाव बसले होते. आखाजीला पत्ते खेळण्यात आमच्याकडे कोणाला वावगं वाटत नाही. बाप खेळतो, शेजारच्या डावात मुलगा खेळतो.

एकच आवाज झाला. ट्रॅक्टरचं टायर फुटलं असं मला वाटलं.

दोन मिनिटांत मोटारसायकलवर तिघं आले. मधल्याची मान मागच्याच्या खांद्यावर पडलेली. सणामुळे दवाखाने बंद, म्हणून पोरांनी त्याला जे दार उघडं दिसलं तिथे आणलं, आणि ते दार माझं होतं. बाकड्यावर आडवा केला. उजव्या जांघेतून रक्त उसळ्या मारत होतं. मी फार्मासिस्ट आहे. पंचवीस वर्षं गोळ्या मोजून देते आहे, जखम दाबून धरायची वेळ कधी आली नव्हती. पाचशे ग्रॅमचे कापसाचे रोल फोडले, दुकानात होतं नव्हतं ते सगळं गॉज काढलं आणि दोन्ही तळहातांवर अंगाचा भार टाकून दाबून धरलं. कोणीतरी १०८ ला फोन लावला. तो पाणी मागत होता. 'काकू, पाणी.' ऑपरेशनच्या आधी पोटात काही जाऊ नये एवढंच मला ठाऊक, म्हणून मी 'थांब बेटा, थांब' म्हणत राहिले. गाडी आली, त्याला घेऊन जळगावच्या दिशेने गेली. तो जळगावला जिवंत पोहोचला नाही.

१७ वर्षांचा होता. बारावीची परीक्षा दिलेली. निकाल पुढच्याच आठवड्यात लागला, तो पास झाला होता.

गावाचं नाव लिहीत नाही. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा आणि शिरपूरच्या मधे कुठेतरी, एवढं पुरे. ज्याने गोळी झाडली तो १९ वर्षांचा, त्याच गल्लीतला. दोघांच्या आया अजून एकाच नळावर पाणी भरतात. खटला कोर्टात आहे, तेव्हा कोणाचा किती दोष ते ठरवायला मी बसलेली नाही. माझ्या हातून जे गेलं आणि माझ्या डोळ्यांसमोरून जे गेलं, ते लिहिते.

अकराव्या दिवशी औषध निरीक्षक आले, सोबत एक पोलीस. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. ज्याने गोळी झाडली त्या मुलाच्या खिशात सापडलेली अल्प्राझोलमची, म्हणजे झोपेच्या गोळ्यांची, रिकामी स्ट्रिप, पुढून आणि मागून. 'मॅडम, ही बॅच जिल्ह्यात बऱ्याच दुकानांत गेलेली आहे, तुमच्याकडेही आली होती. रजिस्टर बघू द्या.'

बॅच बऱ्याच दुकानांत गेली असेल. पण स्ट्रिपच्या मागे काळ्या मार्करने 'रात्री १' लिहिलं होतं आणि शेजारी छोटी चंद्रकोर काढली होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी सकाळच्या गोळीवर सूर्य काढते, रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर. माझा एकचा आकडा खाली शेपटीसारखा लांब जातो, अगदी शाळेपासून. फोटोतला एकचा आकडाही तसाच होता.

मी रजिस्टर पुढे केलं आणि गप्प राहिले.

धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. २०१४ च्या मार्चपासून शेड्यूल एच-वन नावाची एक यादी लागू आहे. काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि सवय लावणारी औषधं, म्हणजे झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, कोडीन, ट्रामाडॉल, ही सगळी तिच्यात येतात. यातलं काही दिलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं, हा नियम तर त्याहून कितीतरी जुना. मी काय करत होते? महिन्याच्या शेवटी खरेदीची बिलं घेऊन बसायचं आणि जितक्या स्ट्रिपा विकल्या गेल्या तितकी नावं रजिस्टरमध्ये बसवायची. नावं खरी असायची. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची, ज्यांना झोपेची गोळी कधी लागलीच नव्हती. निरीक्षकांनी पानं उलटली, फोटो काढले, माझी सही घेतली आणि गेले. मिस्टरांना मी 'नेहमीची तपासणी होती' एवढंच सांगितलं. त्या रात्री पहाटेपर्यंत डोळा लागला नाही.

त्या मुलाला मी ग्राइप वॉटरच्या बाटलीपासून ओळखते. चौथीपर्यंत माझ्या मुलाच्या वर्गात होता. पुढे माझा मुलगा इंग्लिश मीडियमला गेला, आता पुण्याला इंजिनीअरिंग करतो. याची शाळा दहावीनंतर सुटली. वडील सुरतला मिलमध्ये, दिवाळी आणि आखाजीला येणार. त्या आखाजीलाही ते घरी आलेले होते, त्याच निंबाखाली बसलेले. आई मजुरीला जाते, कापूस वेचायला नाहीतर केळीत. घरी आजी. २०२३ च्या दिवाळीनंतर आजोबा वारले आणि आजीची झोप उडाली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, रात्री एक गोळी, पंधरा दिवस. चिठ्ठी घेऊन नातू आला. मी स्ट्रिपवर लिहून दिलं, चंद्रकोर काढली, 'आजीला सांग, रोज घेऊ नको' असंही म्हणाले.

पंधरा दिवसांनी परत आला. 'काकू, आजीची गोळी.' चिठ्ठी तीच. मग आठवड्याने. मग चिठ्ठीची झेरॉक्स, घड्या पडून पडून मधे फाटलेली. मग चिठ्ठीच नाही, नुसतं 'काकू, आजीची'. मुलगा गोड होता. सलाइनचे खोके आले की न सांगता आत नेऊन ठेवायचा. एकदा म्हणाला, आजी आत्याकडे सुरतला चाललीये, तीन स्ट्रिपा द्या. मी दिल्या, आणि तिन्हींवर 'रात्री १' लिहून दिलं. मला शंका आली नव्हती असं म्हटलं तर खोटं होईल. शंका आली होती. पण विचारलं असतं तर त्याने दुसऱ्या दुकानातून घेतलं असतं, खोके उचलणारं पोरगं तुटलं असतं, त्याच्या आईने 'ताईंनी माझ्या लेकावर आळ घेतला' म्हणून गल्लीत सांगितलं असतं. एवढा सगळा विचार मनात एका क्षणात होतो आणि हात स्ट्रिपकडे जातो.

नंतर मी हिशेब केला. दीड वर्षात दीडशेच्या आसपास स्ट्रिपा. एका स्ट्रिपमागे मला सहा-साडेसहा रुपये सुटतात. म्हणजे सगळे मिळून हजार रुपयेसुद्धा होत नाहीत.

पोरं या गोळीला 'कुत्ता गोळी' म्हणतात. मालेगाव-धुळ्याकडून आलेला शब्द. ही गोळी चिंता कमी करते, झोप आणते, वेळेपुरती आणि डॉक्टरच्या नजरेखाली घेतली तर चांगलं औषध आहे. पण धडधाकट पोराने एकदम चार-पाच घेतल्या, वर दारू प्याला, की आधी जाते ती भीती. भीतीबरोबर पुढचं दिसणंही जातं. काहींचा स्वभाव उलटून चिडका, मारका होतो. आणि त्या वेळात जे केलं ते नंतर आठवत नाही. त्या मुलाला ती दुपार नीट आठवत नाही असं त्याच्या आईने मला सांगितलं, तेव्हा बाकीच्यांना तो बनाव वाटला. मला वाटला नाही. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे आणि मी ते शिकलेले आहे.

तो स्वतः घ्यायचा आणि इतरांना विकायचाही, एक गोळी वीस रुपयांना. हे मला नंतर पोरांनीच सांगितलं. म्हणजे माझ्या काउंटरवरून गेलेली चंद्रकोर किती जणांच्या खिशात फिरली, ते मला कधीच कळणार नाही.

कट्ट्याचं सांगते. आमच्या भागात गावठी कट्टा हा शब्द लहान पोरांनाही माहीत असतो. अनेर नदीच्या काठावर, मध्य प्रदेशाच्या हद्दीत पार उमर्टी आहे. तिथे बनणारी शस्त्रं इकडे येतात ही गोष्ट कोणापासून लपलेली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत तिथे कारवाईला गेलेल्या जळगावच्या पोलिसांवर हल्ला झाला, एका पोलिसाला धरून नेलं, मग त्याला सोडवून आणावं लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या पोलिसांनी इतक्या लांब येऊन तिथल्या भट्ट्या मोडल्या, कारण पुण्यात सापडलेल्या शस्त्रांचा माग तिथे पोहोचत होता. भट्ट्या मोडल्या ते चांगलंच झालं. पण भट्टी तिकडची असली तरी गिऱ्हाईक आमचं आहे. हा कट्टा पंचवीस हजारांना घेतला होता म्हणे. दहावीनंतर शाळा सुटलेल्या, घरी मजुरीवर चालणाऱ्या पोराकडे पंचवीस हजार आले कुठून, हे गल्लीत कोणी मोठ्याने विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

वाळू. रात्री नदीतून वाळूचे ट्रॅक्टर निघतात. रस्त्याच्या तोंडाशी पोरं मोबाइल घेऊन बसतात. तहसीलदारांची गाडी निघाली की ग्रुपवर टाकायचं, 'साहेब निघाले'. याला लोकेशन देणं म्हणतात. एका रात्रीचे पाचशे मिळतात, कधी हजार. तो दोन वर्षं लोकेशन देत होता. रात्रभर जागायचं आणि सकाळी झोपायला गोळी. आणि ती वाळू गावातल्या सगळ्यांच्या घरात आहे. २०२४ मध्ये आम्ही वरचा मजला चढवला. ट्रॅक्टर पहाटे चारला येऊन वाळू ओतून जायचा, पावती मिळायची नाही, भाव कमी पडायचा. मिस्टर शिक्षक, मी परवानाधारक दुकानदार, दोघं सुशिक्षित. आम्ही पावती मागितली नाही. त्या वाळूवर पहारा देणारं पोरगं दिवसा माझे खोके उचलत होतं.

पैसा आला की 'भाऊ' भेटतो. आमच्या चौकात माझ्या दुकानाच्या बरोबर समोर फ्लेक्स लागतो. मधे भाऊंचा मोठा फोटो, खाली दोन रांगांत शुभेच्छुक पोरांचे पासपोर्टएवढे चेहरे. वाढदिवसाला रात्री बारा वाजता भर रस्त्यात गाड्यांच्या बॉनेटवर केक, तलवारीने कापायचा, त्याचा रील करायचा. वर्गणीला पोरं आली की मी पाचशे द्यायचे, दुकानासमोर वाद नको म्हणून. गेल्या आखाजीच्या आधीच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत डावीकडून चौथा तो होता आणि सहावा, जो गेला तो. दोघं एकाच फ्लेक्सवर. ती घटना झाल्यावर रातोरात फ्लेक्स उतरला. त्यानंतर भाऊ कोणाच्याच दारात दिसले नाहीत. ना इकडे, ना तिकडे.

एक गोष्ट आणखी आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त टोचते. कट्टा आखाजीच्या आधी दोन-अडीच महिने एका तिसऱ्याच मुलाच्या घरी होता. हा १६ वर्षांचा. त्यांच्याकडे कापूस भरून ठेवलेला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये होता आणि व्यापारी त्याच्याही खाली मागत होते, म्हणून लोकांनी भाव वाढेल या आशेवर एका खोलीत छतापर्यंत कापूस कोंबून ठेवला होता. कट्टा त्या कापसात होता. कापूस घरात फार दिवस राहिला की किडे होतात, अंगाला खाज सुटते, पुरळ येतं. मार्चनंतर माझ्याकडे खाजेचं लोशन न्यायला रांग असते. त्या मुलाची आई एप्रिलमध्ये लोशन न्यायला आली होती. काउंटरवर हात ठेवून बोलत होती, 'ताई, पोरगा कापसाच्या खोलीत कोणाला जाऊच देत नाही. मी झाडायला गेले तर अंगावर धावून आला. असा नव्हता हो तो.' मी लोशनच्या बाटलीवर 'रात्री लावणे' लिहून दिलं आणि म्हणाले, 'वयच तसं असतं.'

विनापरवाना शस्त्र जवळ ठेवल्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची शिक्षा आहे, ५ वर्षांपर्यंत जाऊ शकते. १८ खालच्या मुलाला डॉक्टरच्या सांगण्याशिवाय नशेचा पदार्थ देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्यात ७ वर्षांपर्यंत. हे दुसरं कलम मी घटनेनंतर वाचलं, आणि वाचताना थांबले. तो पहिल्यांदा झेरॉक्स घेऊन आला तेव्हा त्याला १८ पूर्ण झाली होती का? मी विचारलंच नव्हतं.

निरीक्षक येऊन गेल्यावर नवव्या दिवशी शांतता समितीची बैठक झाली. भाषणं झाली. मोबाइलने पिढी बिघडवली. सीमा बंद करा. परप्रांतातून येणारं विष थांबवा. आईबापांचं लक्ष नाही. हे शेवटचं वाक्य ज्यांनी टाळ्या घेत म्हटलं त्यांचे स्वतःचे दोन ट्रॅक्टर रात्री नदीत असतात. बायका मागे बसल्या होत्या. मी का उठले ते मला नीट सांगता येणार नाही. गेलेल्या मुलाचे वडील पुढच्या रांगेत बसले होते, मान खाली, शर्टाची कॉलर एका बाजूला दुमडलेली. ती कॉलर बघवेना.

मी म्हणाले, 'गोळी माझ्या दुकानातून गेली होती.'

आधी कोणाला कळलंच नाही मी कोणत्या गोळीबद्दल बोलते आहे. दोन-तीन माणसं दचकून वळली. मग मी सगळं सांगितलं, आजीची चिठ्ठी, झेरॉक्स, रजिस्टरमधली खोटी नावं. मुलाच्या वडिलांनी मान वर केली नाही. मी बसले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, 'बरं, पुढचा विषय.' बाहेर आल्यावर एका ओळखीच्या दुकानदाराने बाजूला घेतलं. 'ताई, कशाला बोललात? सगळेच देतात. आता तुमच्यामुळे सगळ्यांची तपासणी होईल.' तो माणूस वाईट नाही. रात्री-अपरात्री गरिबाला उधार औषध देतो. पण 'सगळेच देतात' हे वाक्य त्याने मला धीर द्यायला वापरलं, आणि त्या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडला.

दुसऱ्या दिवशी एसटीने जळगावला गेले, खरा आकडा लिहून दिला, जबाब दिला. परवाना पंधरा दिवस निलंबित झाला. पुढे काय व्हायचं ते होईल. मिस्टर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'वाळूचंही सांगायचं होतंस.' ते मी आता इथे सांगितलं.

दुकान बंद होतं त्या पंधरा दिवसांत मी आजीकडे गेले. ओट्यावर बसली होती. नातू जेलमध्ये, लेक पुन्हा सुरतला गेलेला, खाडे परवडत नाहीत म्हणून. मी विचारलं, आजी, तू गोळी किती दिवस घेतली? ती म्हणाली, 'मी तं पंधरा दिनच खादी व बाई, मंग सोडी दिधी.' आणि मग माझ्याकडे बघून, 'बाकीन्या गोळ्या कोठे गयात?' मला उत्तर देता आलं नाही. तिला अजून वाटतं की तिच्या गोळ्या कोणीतरी चोरत होतं.

गेलेल्या मुलाचे वडील माझ्या दुकानात येत नाहीत. बीपीची गोळी दुसरीकडून आणतात. ते बरोबर आहे, आणि मला ते लागतंही. त्याची आई मात्र एकदा आली. पावसाळा सुरू झाला होता, गिऱ्हाईक नव्हतं. बाकड्याकडे बघत उभी राहिली. बाकडं मी बदललं नव्हतं, धुऊन तेच ठेवलं होतं. म्हणाली, 'ताई, तुम्ही त्याना हात धरेल व्हता ना? काही बोलना का तो?'

मी हात धरला नव्हता. माझे दोन्ही हात जखमेवर होते. तेही सांगितलं, आणि पाणी मागत होता, मी दिलं नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ बाकड्यावर बसली. मग मी तिला पाणी दिलं, तिने तांब्या हातात धरून ठेवला, प्यायली नाही, आणि गेली.

या वर्षात मी थोडंफार शिकले, ते ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते. २०१९ साली केंद्र सरकारसाठी एम्सने केलेला देशभरचा अहवाल आहे. हुंगायची नशा, म्हणजे व्हाइटनर, सोल्युशन, थिनर, ही एकच नशा अशी निघाली की तिचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. तेव्हा पंक्चरच्या दुकानातलं सोल्युशन आणि स्टेशनरीतली बाटली हीही कोणाच्या तरी काउंटरवरूनच जाते. पोरगं अशा झोपेच्या गोळ्या घेतं असं कळलं तर त्याला खोलीत कोंडून गोळ्या एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एका झटक्यात तोडली तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. डॉक्टरकडे न्या, ते हळूहळू उतरवतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. कोणी विकतंय हे कळवायचं तर १९३३, नाव गुप्त राहतं. पोलीस केस होईल या भीतीने आईबाप लपवतात. पण अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातच कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणात, स्वतःच्या वापरापुरत्या नशेच्या प्रकरणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण आहे, उपचार पूर्ण करायला मात्र हवेत. हे कलम मला कोणी सांगितलं असतं तर मी त्या आईला सांगितलं असतं. पण सांगायला आधी विचारावं लागलं असतं.

दुकानात आता रजिस्टर त्याच दिवशी, गिऱ्हाइकासमोर भरते. झेरॉक्स घेत नाही. जुन्या चिठ्ठीवर देत नाही. महिन्याचा धंदा कमी झाला आहे, काही जण रागावून गेले. वर्गणीला पोरं आली तर त्यांना आत बोलावते, चहा देते, कोणाच्या घरी काय चाललंय ते विचारते. पैसे देत नाही. पहिल्यांदा आले ते पाच जण होते, आता तिघं येतात, पण ते वर्गणी न मागता येतात. एकाने परवा सलाइनचे खोके आत नेऊन ठेवले. त्याला थांबवावं की नाही ते मला सुचेना.

गेल्या मंगळवारी संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी एक मुलगा आला. पंधरा-सोळाचा असेल, मिसरूड नुकतं फुटलेलं. झेरॉक्स पुढे केली. 'आईची गोळी.' तीच गोळी. मी विचारलं, बेटा, आई कुठे आहे, तिला घेऊन ये ना. तो म्हणाला शेतात आहे. मी म्हणाले, मग शेतातून आली की ये, मी दुकान उघडं ठेवते. त्याने माझ्याकडे पाहिलं, कागद काउंटरवर तसाच सोडला आणि पळाला.

कागदावर एका बाईचं नाव होतं, चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची. पत्त्यावरून घर कळलं, आमच्यापासून तिसरी गल्ली. नऊ वाजता शटर ओढलं आणि घरी न जाता तिकडे वळले. वाटेत दोनदा थांबले. काय म्हणायचं ते ठरत नव्हतं. दारात चपला होत्या, आत भाकरी थापण्याचा आवाज. मी कडी वाजवली. बाई पिठाच्या हातानेच बाहेर आल्या, मला ओळखलं, 'ताई तुम्ही? या ना, बसा', म्हणत घाईघाईने खाट झटकली, पाणी आणून दिलं. मुलगा आतल्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी पाणी प्यायले, आणि पर्समधून तो कागद काढला.